गोव्याच्या किनाऱ्यावरील पाण्यावर उपग्रहाद्वारे लक्ष कसे ठेवावे

उपग्रहाला समुद्राच्या पाण्याचा फक्त रंग दिसतो. त्या रंगात मुख्यतः तीन गोष्टींचा वाटा असतो: पाण्यात तरंगणारा गाळ, सूक्ष्म वनस्पतींमधील क्लोरोफिल, आणि खारफुटीच्या कुजलेल्या पानांतून किंवा सांडपाण्यातून उतरलेले पिवळट विद्राव्य सेंद्रिय द्रव्य. या तिघांचे प्रमाण रंगावरून कसे काढावे आणि काढलेल्या आकड्यावर कितपत भरवसा ठेवावा, एवढाच या मार्गदर्शकाचा विषय आहे. महाविद्यालयातील विद्यार्थी, शिक्षक आणि पंचायतीच्या जैवविविधता समितीतील कार्यकर्ते हे काम साध्या संगणकावर, विनामूल्य आज्ञावली वापरून करू शकतात.

आरंभी मर्यादा सांगणे आवश्यक आहे. स्नान, जलक्रीडा आणि व्यापारी मासेमारी यांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने किनारी पाण्याचा जो एसडब्ल्यू-२ वर्ग ठरवला आहे, त्यात सामू ६.५ ते ८.५, विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, जैवरासायनिक प्राणवायू मागणी लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत, विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये १००पर्यंत आणि गढूळपणा ३० एनटीयूपर्यंत (एनटीयू हे गढूळपणाचे एकक) असे निकष आहेत. आकड्यांत मांडलेल्या या पाच निकषांपैकी उपग्रहाच्या आवाक्यात येतो तो केवळ शेवटचा. जिवाणूंना, नायट्रेटला किंवा जड धातूंना उपग्रहाला ओळखता येईल असा रंग नसतो. त्यामुळे साळ नदीच्या मुखाशी पाणी पोहण्याजोगे आहे का, हा प्रश्न उपग्रहाला विचारण्यात अर्थ नाही. त्या मुखातून निघालेले गढूळ पाणी आज कोठवर पसरले आहे, हा प्रश्न मात्र अवश्य विचारावा. कामाला लागण्यापूर्वी आपला प्रश्न या दुसऱ्या प्रकारात बसतो की नाही, हे कागदावर लिहून तपासावे. मांडवीच्या मुखातून आग्वादच्या उपसागरात येणारा गाळ, मुरगाव बंदराच्या परिसरात गाळ उपसताना पसरणारा पट्टा, कांदोळी-कळंगुटसमोर फेब्रुवारीनंतर दिसणारे शेवाळाचे थर हे सर्व विषय बसतात.

कोणता उपग्रह निवडावा

नदीमुख आणि किनाऱ्यालगतचा पट्टा यांसाठी युरोपचे सेंटिनेल-२ मालिकेतील उपग्रह सर्वांत सोयीचे आहेत. यातील पहिला २०१५मध्ये, दुसरा २०१७मध्ये आणि तिसरा २०२४मध्ये सोडण्यात आला. दोन उपग्रहांच्या जोडीमुळे एका जागेचे चित्र दर ५ दिवसांनी मिळते. निळा, हिरवा, लाल आणि ८४२ नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त हे प्रकाशाचे पट्टे १० मीटरच्या पिक्सेलमध्ये, म्हणजे चित्राच्या सर्वांत लहान चौकोनात, येतात, तर क्लोरोफिलसाठी उपयोगी पडणारा ७०५ नॅनोमीटरचा पट्टा २० मीटरचा असतो. पाण्याच्या पृष्ठभागाचे तापमान हवे असेल, तर लँडसॅट ८ आणि ९ यांचे औष्णिक पट्टे घ्यावेत.

खुल्या समुद्रासाठी सेंटिनेल-३चा ३०० मीटर पिक्सेलचा रंगमापक आणि इस्रोने २६ नोव्हेंबर २०२२ रोजी सोडलेल्या ईओएस-०६ उपग्रहावरील १३ पट्ट्यांचा रंगमापक अधिक योग्य ठरतात, कारण त्यांचे पट्टे मुळातच पाण्यासाठी आखलेले आहेत आणि त्यांची चित्रे वरचेवर मिळतात. पण ही साधने घेऊन नदीत शिरू नये. पणजी आणि बेती यांच्यामधील पात्रात ३०० मीटरचा निव्वळ पाण्याचा पिक्सेल मिळणे कठीण असते. बहुतेक पिक्सेलमध्ये काठावरची झाडी, इमारती आणि पूल मिसळलेले असतात.

सेंटिनेलची चित्रे कोपर्निकस डेटा स्पेस या संकेतस्थळावर खाते उघडून विनामूल्य मिळतात. तेथे चित्रांचे एल१सी (वातावरणाचा परिणाम न काढलेला) आणि एल२ए असे दोन स्तर दिसतात आणि नवखा माणूस साहजिकच एल२ए उचलतो, कारण त्यात वातावरणाचा परिणाम काढून टाकलेला असतो. मात्र ती दुरुस्ती जमिनीसाठी बेतलेली आहे. समुद्रावरून उपग्रहापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ९० टक्के प्रकाश हवेचा असतो, पाण्याचा नव्हे. म्हणजे वजाबाकीत किंचित चूक झाली तरी उरलेला पाण्याचा अंश पार बिघडतो. म्हणून पाण्याच्या कामासाठी एल१सी स्तर उतरवून घ्यावा आणि दुरुस्ती पाण्यासाठी बनवलेल्या आज्ञावलीतून स्वतः करावी.

तिथी पाहून चित्र निवडणे

बहुतेक मार्गदर्शिकांत ढग कमी असलेले चित्र निवडावे एवढेच सांगितलेले असते. गोव्यात तेवढ्याने भागत नाही, कारण येथील नद्यांचे पाणी भरती-ओहोटीबरोबर दिवसातून दोनदा रंग पालटते. उधाणाच्या वेळी येथे पाण्याची पातळी दोन मीटरांहून अधिक वरखाली होते. भरतीला समुद्राचे नितळ पाणी आत शिरते आणि ओहोटीला खाजनांच्या, म्हणजे बांध घालून राखलेल्या किनारी शेतांच्या, मानशींतून (पाणी सोडण्याच्या दारांतून), खारफुटीतून व उथळ चिखलावरून निथळलेले गढूळ पाणी मुखाकडे येते. आज सकाळी ओहोटीचे चित्र घेतले आणि पुढच्या आठवड्यात भरतीचे, तर पाणी सुधारल्याचा भास होईल, आणि प्रत्यक्षात काहीही सुधारलेले नसेल.

येथे किनारपट्टीवरील जुना हिशेब कामी येतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्येला आणि पौर्णिमेला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा वाजता. सेंटिनेल-२ हा सूर्याशी जुळवून घेतलेल्या कक्षेत फिरत असल्याने गोव्यावरून तो नेहमी सकाळी अकराच्या सुमारासच जातो. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की उलगडा होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास या उपग्रहाला पाणी जवळजवळ पूर्ण भरलेले दिसणार, अष्टमीच्या सुमारास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, लागत आलेली दिसणार, द्वादशीला ओहोटी चालू असलेली आणि चतुर्थीला भरती चढत असलेली दिसणार. अमावास्येची सुकती त्याला अकरा वाजता कधीच सापडणार नाही. उधाणाचे प्रवाह जोरदार असल्याने तळाचा गाळही त्या दिवसांत अधिक उठतो, हेही ध्यानात असावे. म्हणजे भरलेले पाणी नेहमी नितळच दिसेल असे नाही.

याला आणखी एक बाजू आहे. उपग्रहाच्या सहा फेऱ्यांना ३० दिवस लागतात आणि चांद्रमास साधारण साडेएकोणतीस दिवसांचा असतो. त्यामुळे एकदा चित्रे तृतीया, अष्टमी, त्रयोदशी अशा तिथींवर पडू लागली की पुढील दोन-तीन महिने ती त्याच तिथींच्या आगेमागे पडत राहतात आणि अगदी हळूहळू सरकतात. तीन महिन्यांच्या चित्रांची सरासरी काढून ती नदीची सरासरी स्थिती म्हणून मांडणे यामुळे धोक्याचे ठरते. दिनदर्शिका संगणकाशेजारी ठेवावी, प्रत्येक चित्रापुढे तिथी लिहावी आणि तुलना करताना अष्टमीचे चित्र अष्टमीशीच लावावे. अंतिम नोंदीसाठी मात्र मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे अधिकृत कोष्टक पाहावे, कारण पाऊणपटीचा हिशेब ढोबळ आहे आणि नदीत जसजसे आत जावे तसतशी भरती मुखापेक्षा उशिरा पोहोचते.

ढगांबरोबर सूर्याची झगमगही तपासावी. गोवा सुमारे साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. एप्रिलअखेर ते मेच्या आरंभी मध्यान्हीचा सूर्य येथे डोक्यावर येतो आणि सकाळी अकरालाही तो बराच वर असतो. अशा दिवसांत लाटांवरून सूर्यप्रकाश थेट उपग्रहाकडे परततो आणि चित्रात समुद्रावर उभे, रुपेरी, एकाआड एक पट्टे उमटतात. डिसेंबर-जानेवारीची चित्रे या दोषापासून बरीच मुक्त असतात. काम नव्याने शिकणाऱ्याने त्याच महिन्यांपासून सुरुवात करावी.

चित्रावरील प्रक्रिया

वातावरणीय दुरुस्तीसाठी बेल्जियममधील नैसर्गिक विज्ञान संस्थेत तयार झालेली अॅकोलाइट ही विनामूल्य आज्ञावली वापरावी. तिला एल१सीची झिप उघडून मिळालेली पुडकी दाखवावीत आणि कामाच्या क्षेत्राच्या सीमा दक्षिण, पश्चिम, उत्तर, पूर्व या क्रमाने द्याव्या लागतात. मांडवी आणि जुवारी यांची मुखे, आग्वाद व मुरगावचे उपसागर आणि कुंभारजुवे कालव्याचा भाग एकत्र हवा असल्यास १५.३५, ७३.७०, १५.५५, ७३.९५ या सीमा पुरतात. संपूर्ण चित्रावर प्रक्रिया चालवून संगणक तासभर गुंतवण्याची गरज नाही. झगमग दुरुस्तीचा पर्याय एप्रिल-मेच्या चित्रांसाठी चालू ठेवावा.

स्वतः आकडेमोड करणाऱ्यांनी एक तांत्रिक बदल विसरू नये. २५ जानेवारी २०२२पासून सेंटिनेल-२च्या आकड्यांत १०००ची भर घालून ते दिले जातात. म्हणजे परावर्तन (पडलेल्या प्रकाशापैकी परतलेला अंश) काढताना आधी १००० वजा करून मग १०,०००ने भागावे लागते. जुन्या पद्धतीने भागल्यास प्रत्येक पिक्सेलमध्ये ०.१ची वाढ होते, आणि पाण्याचे परावर्तनच मुळात त्याहून कमी असते. २०२१ आणि २०२३ यांची तुलना करताना पाणी एकाएकी उजळल्यासारखे दिसले, तर पहिला संशय येथे घ्यावा.

गढूळपणासाठी आना डॉग्लिओटी आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये मांडलेली पद्धत किनारी पाण्यात चांगली चालते. तिच्यात लाल प्रकाशातील पाण्याचे परावर्तन ०.०५पेक्षा कमी असेल तर लाल पट्टा वापरतात, ०.०७पेक्षा अधिक असेल तर निकट-अवरक्त पट्टा वापरतात आणि मधल्या टप्प्यात दोहोंचे मिश्रण करतात. कारण फार गढूळ पाण्यात लाल प्रकाश एका मर्यादेनंतर वाढेनासा होतो. लाल पट्ट्याचे सूत्र असे: परावर्तनाला २२८.१ने गुणावे आणि आलेल्या संख्येला, एकातून परावर्तन भागिले ०.१६४१ वजा करून उरलेल्या संख्येने भागावे. हे गुणांक ६४५ नॅनोमीटरसाठी आहेत. सेंटिनेल-२चा लाल पट्टा ६६५ नॅनोमीटरचा असल्याने त्याच्यासाठी जुळवलेले गुणांक आज्ञावली स्वतः घेते. तरीही सूत्र एकदा हाताने सोडवून पाहावे. परावर्तन ०.०४ असल्यास गुणाकार ९.१२ येतो, छेद ०.७५६ येतो आणि गढूळपणा सुमारे १२ एकके निघतो.

हाताने सोडवण्याचा आग्रह अशासाठी की येथे एक चूक सर्रास होते. काही आज्ञावल्या पाण्याचे परावर्तन देतात, तर काही दूरसंवेदी परावर्तन देतात, आणि पहिले दुसऱ्याच्या पाय (π) पट, म्हणजे सुमारे ३.१४ पट असते. नावे जवळजवळ सारखी असल्याने दुसरा आकडा पहिल्याच्या जागी बसवला जातो, आणि वरच्या उदाहरणातील १२च्या जागी उत्तर ३ येते. नकाशा तेवढाच सुंदर दिसतो, रंगांचा उतारही बरोबर दिसतो, आणि निष्कर्ष मात्र चौपट चुकलेला असतो. शिवाय या सूत्रातून मिळणारे एकक एफएनयू आहे, जे अवरक्त प्रकाशावर चालणाऱ्या मापकाचे आहे. मंडळाच्या निकषातील एनटीयूच्या ते जवळपास असले, तरी ३०च्या सीमारेषेवर दोन्ही एकच मानून कोणावर ठपका ठेवू नये.

यानंतर नको असलेले पिक्सेल वगळावेत. हिरव्या आणि निकट-अवरक्त पट्ट्यांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागून मिळणारा जलनिर्देशांक जमीन आणि पाणी वेगळे करतो, पण गोव्यात तेवढे पुरेसे नाही. मांडवीत पणजीसमोर नांगरलेली कॅसिनो जहाजे, खनिजवाहू बार्जेस, पूल आणि त्यांच्या सावल्या हे सर्व गढूळ पाणी असल्याची बतावणी करतात. चालत्या बोटी ओळखणे सोपे असते. सेंटिनेल-२चे निरनिराळे पट्टे एकाच क्षणी टिपले जात नाहीत, त्यामुळे वेगाने जाणाऱ्या बोटीच्या निळ्या, हिरव्या आणि लाल प्रतिमा किंचित सरकलेल्या दिसतात. नांगरलेल्या जहाजांना ही खूण नसते. त्यांच्या जागा अनेक तारखांची चित्रे पाहून एकदाच हाताने आखून घ्याव्यात.

कळंगुट-बागा किंवा मिरामारच्या किनाऱ्यालगत लाटांचा फेस पांढरा असतो आणि आज्ञावलीला तो गाळ वाटतो. काठावरील माडांचा निकट-अवरक्त प्रकाशही हवेत विखुरून शेजारच्या पाण्याच्या पिक्सेलमध्ये सांडतो. म्हणून खुल्या किनाऱ्यावर पाण्याच्या कडेपासून निदान १०० ते २०० मीटरचा पट्टा आणि नदीत काठाकडचे दोन-तीन पिक्सेल सोडून द्यावेत. याचा अर्थ असा की लोक जेथे प्रत्यक्ष डुंबतात, नेमक्या त्या कंबरभर पाण्याबद्दल उपग्रह विश्वासाने काहीही सांगत नाही.

क्लोरोफिलचा आकडा

खुल्या समुद्रात क्लोरोफिल काढण्यासाठी निळ्या आणि हिरव्या प्रकाशाचे गुणोत्तर वापरतात. हीच रीत नदीमुखात लावल्यास घात होतो. खारफुटीतून उतरलेले पिवळट द्रव्य निळा प्रकाश शोषून घेते आणि सूत्र ते शोषण क्लोरोफिलच्या खात्यावर टाकते, त्यामुळे चोडणच्या खारफुटीलगतचे पाणी शेवाळाने भरलेले दिसू लागते. मुखाच्या आत ७०५ आणि ६६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यांचा फरक भागिले त्यांची बेरीज हा निर्देशांक घ्यावा, आणि त्यालाही मिलिग्रॅममधील आकडा न मानता कमी-अधिक दाखवणारी खूण मानावे.

फेब्रुवारी ते मे या काळात समुद्र शांत असताना ट्रायकोडेस्मियम या नील-हरित जीवाचे तवंग गोव्यासमोर येतात. पाण्यावर लाकडाचा भुसा पसरावा तसे त्यांचे तपकिरी, लांबट पट्टे दिसतात. पाण्यावर तरंगत असल्याने ते निकट-अवरक्त प्रकाश परतवतात, आणि एरवी पाणी तो जवळजवळ पूर्ण शोषून घेत असल्याने निकट-अवरक्त चित्रात ते उठून दिसतात. असा तवंग दिसला की हैदराबाद येथील इन्कॉइस या संस्थेची शेवाळ-बहराची माहिती पडताळून पाहावी. सांडपाण्याचा आरोप करण्याची घाई करू नये. हे जीव नायट्रोजन थेट हवेतून घेऊ शकतात आणि खुल्या समुद्रातही वाढतात.

बाटलीतील पाणी

प्रत्यक्ष नमुन्यांशी पडताळून न पाहिलेल्या उपग्रह-आकड्याला अहवालात स्थान देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सुदैवाने गोव्यात फेरीबोट नावाची सोय आहे, जी पात्राच्या मध्यापर्यंत थोडक्या खर्चात नेते. रायबंदर-चोडण किंवा कुठ्ठाळी-मडकई मार्गावर, ज्या दिवशी उपग्रह जाणार आहे त्या दिवशी सकाळी साडेदहा ते साडेअकराच्या दरम्यान, खलाशांची परवानगी घेऊन मध्यावर नमुना घ्यावा. पंख्याने ढवळलेले पाणी टाळण्यासाठी दोरीची बादली बोटीच्या पुढील बाजूने सोडावी. बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून मग भरावी, काळ्या पिशवीत बर्फावर ठेवावी, आणि भ्रमणध्वनीवरील स्थाननिर्देशांक, वेळ व तिथी बाटलीवर तेथेच लिहावीत. खुल्या समुद्रात उपग्रहाच्या आगेमागे तीन तासांचे अंतर चालते. भरती-ओहोटीच्या नदीत तीन तासांत पाणीच बदललेले असते.

पारदर्शकता पाहण्यासाठी ३० सेंटिमीटर व्यासाची पांढरी सेक्की तबकडी पुरते, पण ती धावत्या फेरीवरून सोडता येत नाही. त्यासाठी होडी किंवा धक्का हवा. गढूळपणा त्याच दिवशी मापकावर मोजावा आणि मोजण्यापूर्वी बाटली हलक्या हाताने उलटीसुलटी करावी, कारण गाळ तळाशी बसतो. चित्रातून त्या जागेभोवतालचे नऊ पिक्सेल घेऊन त्यांचा मध्यक काढावा. नऊ आकड्यांत फार तफावत असेल तर ती जोडी बाद करावी. अशा पंधरा-वीस जोड्या जमल्या, आणि त्यांत भरती व ओहोटी दोन्ही आल्या, की आपल्या नदीसाठी सूत्र किती चुकते हे कळते व तेवढी दुरुस्ती लावता येते.

पावसाळ्याचे महिने

जून ते सप्टेंबर या काळात ढगांमुळे रंगमापक उपग्रह जवळपास निरुपयोगी ठरतात, आणि नद्या सर्वाधिक गाळ नेमक्या याच महिन्यांत वाहून आणतात. ऑक्टोबर ते मे या महिन्यांच्या नकाशाला म्हणूनच वार्षिक नकाशा म्हणू नये. पावसाळ्यात धक्क्यावरून आठवड्याला एक बाटली भरणे हाच मार्ग उरतो. तेल-तवंगांच्या बाबतीत मात्र सेंटिनेल-१चे रडार ढगांतूनही पाहू शकते: तेलाने लाटा शमतात आणि तो भाग काळा दिसतो. वारा फार मंद असल्यास तेल नसलेला समुद्रही तसाच काळा दिसतो, म्हणून त्या वेळचा वाऱ्याचा वेग पाहिल्याशिवाय काळ्या डागाला तेल म्हणू नये. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास किनाऱ्यासमोर तळाजवळच्या पाण्यातील प्राणवायू घटतो. ही घटना पृष्ठभागाखाली घडत असल्याने तिचा माग उपग्रहाने लागत नाही. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोर वर्षानुवर्षे जी प्रत्यक्ष मोजणी करत आली आहे, तिच्यासारख्या नोंदींकडेच त्यासाठी वळावे लागते.

प्रत्येक नकाशाखाली उपग्रहाचे नाव, तारीख व वेळ, तिथी, मुरगावची त्या वेळची भरतीची स्थिती, आधीच्या तीन दिवसांचा पाऊस, वापरलेले सूत्र, एकक आणि वगळलेला काठाचा पट्टा एवढे लिहिलेले असावे. एखाद्या ठिकाणी गढूळपणा त्याच तिथीच्या मागील चित्रांपेक्षा स्पष्टपणे अधिक दिसला, तर त्या पट्ट्याच्या मध्याचे आणि दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश काढून, आधीच्या चित्राची प्रत जोडून, गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नमुना तपासणीची लेखी विनंती करावी. विनंतीत शक्य तितक्या लवकर, आणि भरती-ओहोटीच्या त्याच टप्प्यावर नमुना घेण्याचा उल्लेख अवश्य करावा. अष्टमीच्या सुकतीला दिसलेला पट्टा तपासण्यासाठी कोणी भर भरतीला गेले, तर बाटलीत समुद्राचे पाणी भरून येईल.